पारड्यावरचा अंगठा

खाटकाच्या पोरानं मरण ओढवून घेतलं ते तीन शब्दांनी. "बाबा, अंगठा काढा."

एवढंच बोलला तो. बरं, बोलायचंच होतं तर मागच्या खोलीत बोलावं, बापाला बाजूला घेऊन बोलावं! पण नाही. भर दुकानात, मांडीचा तुकडा पारड्यात असताना, समोर बेकरीवाली उभी असताना बोलला. बेकरीवाली म्हणजे बाजाराचं चालतंबोलतं वर्तमानपत्र. ती फिस्सकन हसली, म्हणाली, "घ्या, घरचा आहेर!" आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दुकानातून पुरं किलोभर मटण घेऊन गेली.

खाटीक काटा मारतो हे काही गुपित नव्हतं. बाजारात त्याला पाठीमागे 'साडेनऊशे' म्हणत, कारण त्याचा किलो साडेनऊशे ग्रॅमचा. डाव्या हाताचा अंगठा तो पारड्याच्या कडेवर असा अलगद टेकवायचा की बघणाऱ्याला वाटावं, पारडं हलू नये म्हणून धरलंय. त्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. तरुणपणी सत्तूर चुकून बसला होता, तेव्हापासून नख वाढायचं तेच दोन फाळक्यांत. आख्खा बाजार तो अंगठा ओळखायचा. पण तोंडावर बोलणार कोण? सहा फुटी माणूस, हातात सत्तूर, राग नाकाच्या शेंड्यावर. एका हमालानं एकदा "परत तोला" म्हणायची हिंमत केली होती, तर खाटकानं त्याची दोन बोटं दाराच्या फटीत धरून दार लावून घेतलं. त्यानंतर कुणी परत तोलायला सांगितलं नाही.

बेकरीवाली गेली तसं खाटकानं शटर अर्धं खाली ओढलं. पोरगा पाठमोरा उभा राहून मटण तोडायचा ओंडका खरवडत होता. तो वाद घालायच्या तयारीत नव्हता, त्याला वाटलं विषय संपला. खाटकानं सत्तूर उचलला नाही. हे तो नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायचा: सत्तूर उचलला असता तर मारायचं होतं असं झालं असतं. त्यानं हाताला लागलं ते उचललं. दोन किलोचं लोखंडी वजन. ते त्यानं पोराच्या कानामागं हाणलं.

आवाज फार मोठा झाला नाही. रोज हाडं फोडणाऱ्याला कुठलं हाड फुटलं ते आवाजावरून कळतं, आणि त्याला कळलं. पोरगा ओंडक्याला धरून वळला. "बाबा," म्हणाला, जसं काही विचारायचं होतं. खाटकानं दुसरा घाव घातला. दुसरा का घातला, हे त्याला कधीच सांगता आलं नाही. वजन हातातून सुटून ओंडक्याच्या लोखंडी पट्टीवर आदळलं, त्याच्या कडेचा टवका उडाला, आणि पोरगा ओल्या फरशीवर पडला तो पडलाच.

मागच्या दारात सून उभी होती, हातात धुतलेली ताटं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तिच्या तोंडून आवाज फुटायच्या आत खाटकानं दांडीवरचा मांसाचा आकडा काढला आणि त्याचं टोक तिच्या हनुवटीखाली लावलं.

"पाय घसरला. ओली फरशी. काय झालं?"

"पाय घसरला," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"यांचा."

आकड्याच्या टोकाशी रक्ताचा एक थेंब आला होता. खाटकानं तो स्वतःच्या बाहीनं पुसला, आकडा जागेवर लावला आणि मगच छाती पिटून ओरडायला सुरुवात केली. ओरडणं मात्र खोटं नव्हतं हो. तेवढं खोटं कुणाला जमत नाही.

वजन तिनंच धुतलं. सहा वजनांतलं एक नाहीसं झालं तर विचारणा होते, म्हणून ते तिसऱ्या फळीवर जिथल्या तिथं गेलं. बाजार हळहळला, बेकरीवालीनं पाव पाठवले, पोराला पुरलं. विषय मिटला.

मिटला कसला! खाटकाला तुरुंगाची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. पोरगा फादरपुढं पापांची कबुली न देता गेला होता, कपाळाला अंतकाळचं तेल न लागता गेला होता. फादरना त्यानं विचारलं, "फादर, तो कुठं असेल?" फादर भला माणूस, खोटं बोलवेना. म्हणाले, "अचानक गेलेल्यांचं आपण काय सांगणार? तिथं तराजू आहे. तो तोलला जाईल." तराजू! बोलून बोलून काय बोलले! खाटकाला त्या दिवसापासून घास गोड लागेना. पोरगा कुठल्यातरी पारड्यात बसलाय, आणि पारडं हलतंय, एवढंच डोळ्यांपुढं यायचं. मग तो सुनेवर ओरडायचा, ताट भिंतीवर फेकायचा, नाहीतर कुत्र्याला लाथ घालायचा. कुत्रं शेवटी घर सोडून गेलं. सून कुठं जाणार? तिला माहेर नव्हतं.

अशात चर्चच्या आतल्या भिंतीवर शेवटच्या न्यायाचं चित्र काढायचं ठरलं. मधोमध तराजूवाला देवदूत, एका बाजूला स्वर्ग, दुसऱ्या बाजूला नरक. तिथली जुनी रीत अशी, की पारड्यातल्या आत्म्याला त्या वर्षी गेलेल्या एखाद्याचा चेहरा द्यायचा, आणि मग दर रविवारी सगळ्यांनी त्याच्यासाठी हात जोडायचे. चुना, वाळू, रंग, सगळ्याचा भार खाटकानं उचलला. अट एकच.

"चेहरा माझ्या पोराचा. आणि तो तरला पाहिजे. बघणाऱ्याला शंका राहता कामा नये."

"राहणार नाही," चितारी म्हणाला. "माझ्यावर सोडा, मालक."

हा चितारी परगावचा होता, सडपातळ, चुन्यानं सारखा शिंकणारा, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. म्हणायचा, "मला नरक रंगवायला आवडतो. स्वर्गात सगळ्यांची तोंडं सारखीच." त्याचं काम ओल्या गिलाव्यावरचं. आधी खालच्या खरबरीत थरावर लाल मातीनं आराखडा काढायचा. मग रोज सकाळी एक दिवसाचं काम होईल एवढ्याच तुकड्यावर वरचा गुळगुळीत थर द्यायचा, आणि तो ओला आहे तोवर रंग भरायचा. वाळला की रंग आणि भिंत एकजीव. खोडायची सोय नाही. "लग्नासारखं आहे," तो म्हणायचा आणि शिंकायचा.

एके सकाळी तो कागद आणि कोळसा घेऊन दुकानात येऊन बसला. "तराजू बघायचाय. आमच्या चितारी लोकांनी काढलेले तराजू बघितलेत का कधी? त्यांच्यावर कुणी कांदेसुद्धा घेणार नाही." दोन तास बसला. खाटीक आपला तोलत होता, चितारी मान खाली घालून कागदावर रेघा ओढत होता. चितारी चित्र काढतो, खाटीक मटण तोडतो, त्यात बघायचं काय? जाताना चितारी म्हणाला, "एखादं वजन द्या चार दिवस. लोखंडावर उजेड कसा पडतो ते समोर ठेवल्याशिवाय जमत नाही."

खाटीक बरगड्या तोडत होता. "दे गं एखादं," तो सुनेला म्हणाला, मागं न बघता.

सुनेनं तिसऱ्या फळीवर हात घातला.

मग ती रोज दुपारी चितारीला पाव आणि उकडलेली अंडी घेऊन जायला लागली. लग्नातला फोटो तिनं त्याला दिला होता, पण फोटोत पोरगा ताठरला होता, म्हणून ती परांचीखाली उभी राहून सांगायची. "डावी भुवई जरा वर. हसताना आधी खालचा ओठ हलायचा." चेहऱ्याचा आराखडा चितारीनं काढलाच नाही, तिचं ऐकून थेट ओल्या गिलाव्यावर रंगवला. त्या दिवशी ती खूप वर्षांनी भेटल्यासारखी त्या भिंतीकडं बघत राहिली आणि अंडी तशीच राहिली.

रविवारी चित्रावरचा पडदा निघणार होता. शनिवारी दुपारी खाटकाला राहवेना. दुकान उघडं टाकून, रक्तानं भरलेला एप्रन तसाच घालून तो चर्चमध्ये शिरला. आत कुणी नव्हतं. चितारी परांचीवर बसून कुंचले पुसत होता. पडद्याचं एक टोक त्यानं उजेडासाठी वर बांधलं होतं.

"या, या मालक! तुम्हाला उद्यापर्यंत दम निघणार नाही हे मला माहीत होतं."

खाटीक शिडी चढला. देवदूताचा चेहरा शांत होता. हातात तराजू, दांडी तिरपी. आणि पोरगा... पोरगा खाली! त्याचं पारडं पार देवदूताच्या गुडघ्यांपर्यंत उतरलेलं, आणि दुसरं पारडं वर टांगलेलं. वर स्वर्ग आणि खाली नरक, हे लहान पोरालाही कळतं. तीस वर्षं तराजू चालवणाऱ्या माणसाला तर पारडं खाली गेल्याचा एकच अर्थ माहीत होता: दाबलं. फसवलं. खलास.

"खाली घातलंस," तो म्हणाला.

"हो मग! चांगला खाली..."

पुढचं वाक्य चितारीच्या घशातच राहिलं. खाटकानं त्याचा गळा धरून त्याला फळ्यांवर आपटलं. रंगाची भांडी खाली गेली, पिवळा रंग बाकांवर सांडला. चितारी जेमतेम पन्नास किलोचा, त्याच्या लाथा खाटकाच्या पोटाला लागत होत्या आणि लागतही नव्हत्या. खाटकानं त्याच्या तोंडावर दोन गुद्दे मारले. दुसऱ्या गुद्द्यानं नाकाचं हाड मोडलं.

"माझ्या पोराला नरकात घातलंस! माझ्या चुन्यानं! माझ्या रंगानं! जन्मभर लोकांनी बघायचं?"

"अहो... ऐका..."

"कुठल्या हातानं काढलास? कुठल्या?"

चितारी उजवा हात छातीशी घ्यायला गेला आणि त्यातूनच सांगून बसला. खाटकानं तो हात मनगटाला धरून फळीवर दाबला. दुसऱ्या हातानं शेजारी चाचपलं, काहीतरी जड लागलं, ते उचललं आणि हाणलं. एकदा. बोटांची हाडं बारीक असतात, त्यांचा आवाज वेगळा येतो. परत एकदा. चितारी असा किंचाळला की छतातली पाखरं उडाली. तिसऱ्यांदा हाणलं तेव्हा हाताचा आकार हातासारखा राहिला नव्हता.

"मामंजी!"

खाली सून उभी होती. पाव आणि अंडी तिच्या पायाशी पडली होती.

"मामंजी, तो तरलाय! म्हणून खाली आहे!"

"गप!"

"विचारा त्यांना!"

चितारी भिंतीला टेकून हात मांडीवर घेऊन थरथरत होता. नाकातून रक्त तोंडात येत होतं, तरी तो बोलला. बोलल्याशिवाय राहणाऱ्यातला नव्हताच तो. "भरलं पोतं... आणि रिकामं पोतं. खाली कुठलं बसतं? चांगुलपणाला वजन असतं, मालक. माझ्या गुरूनं शिकवलं, त्याला त्याच्या गुरूनं. पाप म्हणजे नुसती हवा. म्हणून सैतान बघा, ते दुसरं पारडं दाबतोय, जीव खाऊन दाबतोय... तरी वरच. तुमच्या पोरापुढं त्याचं काही चाललं नाही. देवदूत कुणाकडं बघून हसतोय ते तरी बघा की हो!"

खाटकानं बघितलं. देवदूत खालच्या पारड्याकडं बघून हसत होता. पोराची डावी भुवई वर होती, खालचा ओठ नुकताच हलल्यासारखा, आणि तो पारड्यात असा आरामात बसला होता जसा दुकानाच्या पायरीवर बसायचा. तीस वर्षांत खाटकाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, की पारडं भरल्या मापानंही खाली जातं. रोज समोरचं गिऱ्हाईक तेवढ्यासाठीच तर उभं असायचं.

"तरला," तो म्हणाला. त्याचे ओठ वाकडे झाले आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. बरं वाटलं त्याला, खरंच बरं वाटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं.

मग त्यानं डोळे पुसले आणि दुसरं पारडं बघितलं.

त्यात दोन किलोचं लोखंडी वजन होतं, कडेचा टवका उडालेलं. आणि पारड्याच्या कडेवर सैतानाचा हात होता, पंजा हिरवट, केसाळ. पण अंगठा माणसाचा. अलगद टेकवलेला. नख मधोमध दुभंगलेलं.

खाटकानं स्वतःच्या हातात बघितलं. ज्यानं चितारीचा हात चेचला होता तेच वजन, तोच टवका. त्यावर आता चितारीचं रक्त होतं.

"हे इथं कसं आलं?"

"मी दिलं," सून म्हणाली.

"आणि अंगठा?"

"अंगठा तुमचाच," चितारी कण्हत म्हणाला. "पारड्यावर दाब कसा द्यायचा ते तुमच्याकडं बघूनच शिकलो, मालक. इतका सुंदर हात... मला काय माहीत तुम्हाला राग येईल? मी जे समोर दिसेल ते काढतो."

त्या बिचाऱ्याला खरंच काही माहीत नव्हतं. पण खाटकाला पुढचं सगळं दिसलं. उद्या पडदा निघणार. बेकरीवाली पहिल्या बाकावर. ती अंगठा बघणार, वजन बघणार, पारड्यातला पोरगा बघणार, आणि तिला तो दिवस आठवणार. बाबा, अंगठा काढा. दोन आणि दोन चार करायला तिला किती वेळ लागतो?

"हातोडा दे," तो चितारीला म्हणाला.

"मामंजी, राहू द्या." सून शिडीची पहिली पायरी चढली. तिच्या हनुवटीखाली एक बारीक पांढरा वण होता. "मी काही बोलणार नाही. कुणी ओळखलं तर ओळखलं, नाही तर नाही. पण हे तिथं बसलेत. तरलेले दिसतायत. एवढं तरी राहू द्या त्यांना."

"तो राहीलच. मी फक्त अंगठा काढतो. आणि वजन."

"निघणार नाही!" चितारी ओरडला. "मालक, ती दोन्ही पारडी एका दिवसाचं काम आहे, गिलाव्याचा तुकडा एकच. पाच दिवसांपूर्वीचा, अजून कच्चा आहे. अंगठा फोडलात तर पोरगाही येईल."

खाटीक हसला. "अरे, मी हाडावरून मांस सोडवतो, हाडाला ओरखडा येत नाही. तू मला शिकवतोस?"

हातोडा आणि छिन्नी फळीच्या टोकाला होती. त्यानं छिन्नी डाव्या हातात धरली, अंगठा तिच्यावर टेकवला आणि नखाच्या टोकाशी हलकेच ठोका दिला. तांदळाएवढा चुना उडाला. दुभंगलेलं नख गेलं. त्याचा हात खरोखरच कसबी होता, नाव ठेवायला जागा नाही. दुसऱ्या ठोक्याला पेर गेलं. त्यानं सुनेकडं वळून बघितलं, बघ, म्हणालो नव्हतो? मग तो वजनाकडं वळला. वजन भरीव काळं होतं, त्याला जरा जोर लागणार होता. त्यानं जोर दिला.

आधी नुसती एक भेग गेली, दांडीच्या बाजूनं. केसाएवढी. खाटकानं हातोडा-छिन्नी टाकून दोन्ही तळहात पोराच्या चेहऱ्यावर ठेवले आणि दाबून धरलं. "थांब," तो म्हणाला. "थांब, थांब, थांब." भेग देवदूताच्या बाहीशी वळली, खाली उतरली. गिलावा त्याच्या हातांखाली फुगला. चेहऱ्यावर चेहरा दाबून तो उभा राहिला, पण पाच दिवसांचा चुना तो, कुणाच्या दाबण्यानं थांबतोय? तुकडाच्या तुकडा सुटला, त्याच्या छातीवरून घसरला आणि परांचीच्या फटीतून खाली फरशीवर आपटून फुटला.

सून पायरीवरून उतरली. ती चटकन मागं सरली आणि मग गुडघ्यांवर बसली.

दारात पावलं वाजली. चितारीची किंचाळी बाजारापर्यंत गेली होती. फादर पुढं, मागं बेकरीवाली पिठाच्या हातांची, तिच्यामागं आणखी दहाबारा जण. सगळ्यांनी आधी भिंतीकडं बघितलं. जिथून गिलावा निघाला होता तिथं खालचा खरबरीत थर उघडा पडला होता, आणि त्यावर चितारीनं दुकानातून वजन आणल्यावर काढलेला लाल मातीचा आराखडा होता. पोराचं पारडं म्हणजे नुसता रिकामा गोल, कारण चेहऱ्याचा आराखडा काढलाच नव्हता. दुसऱ्या पारड्यात वजन होतं, टवक्यासकट. आणि कडेवर अंगठा, मोठा, लाल, नख दोन फाळक्यांत.

मग सगळ्यांनी खाटकाकडं बघितलं. हातोडा पडला होता, पण छिन्नी त्यानं परत उचलली होती, आणि अंगठा तिच्यावर तसाच होता जसा भिंतीवर.

"अगं बाई," बेकरीवाली म्हणाली, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. ती हसली नाही.

"फादर," सून उठून उभी राहिली. "त्या दिवशी यांचा पाय घसरला नव्हता. मामंजींनी त्या वजनानं मारलं. दोनदा. ते वजन वर परांचीवर आहे."

फादरनी कपाळाला हात लावला. मागचे दोन हमाल पुढं सरकले, त्यांतल्या एकाची दोन बोटं वाकडी होती. पण खाटकाचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. तो शिडीवरून घसरत, धडपडत उतरला, फरशीवर बसला आणि तुकडे गोळा करायला लागला. एक डोळा सापडला. भुवईचा अर्धा तुकडा सापडला, तो त्यानं डोळ्यावर लावला, नीट बसेना. ओठ कुठंच नव्हता. त्यानं बाकाखाली हात घालून चाचपलं, एप्रननं फरशीवरचा चुना पुसला. दोघा हमालांनी त्याला काखेत धरलं तरी तो हात पुढं करत राहिला.

"चितारी!" तो वर बघून ओरडला. "परत काढ! खाली घाल, पार खाली घाल, मी काही म्हणणार नाही! अंगठा राहू दे माझा, मोठा काढ, पण त्याला परत काढ!"

परांचीच्या कडेला चितारी बसला होता. त्यानं डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं आणि ते उचलून सगळ्यांना दिसेल असं धरलं. बोटं कुठली आणि तळवा कुठला ते कळत नव्हतं.

"कशानं काढू, मालक?" तो म्हणाला.